कुशलप्रश्न

दोन माणसे भेटली म्हणजे एकाने दुसऱ्याचे कुशल विचारावे, हा रिवाज बहुतेक सर्व समाजांत आहे. प्रश्न सारखाच असतो. उत्तराची अपेक्षा मात्र सारखी नसते. इंग्रज मनुष्य जाता जाता ‘हाउ आर यू?’ म्हणतो, तेव्हा वस्तुतः तो काही विचारीत नसतो. तुम्ही माझ्या दृष्टीस पडला आहात आणि तुमच्याविषयी माझ्या मनात काही वाकडे नाही, एवढेच तो सुचवीत असतो. त्यावर ‘फाइन, थँक यू’ म्हणावयाचे आणि आपल्या वाटेने चालू लागावयाचे. पोलंडमधून नुकत्याच आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. त्याच्या देशात ‘याक शे माश?’ हा प्रश्न ओळखीच्या माणसालाच विचारतात, आणि ज्याला विचारला तो थांबून उत्तर देतो. पाठ दुखते आहे, सासूबाई इस्पितळात आहेत, घरभाडे वाढले आहे. विशेष सांगण्यासारखे काही नसेल तर ‘स्तारा ब्येदा’, म्हणजे जुनेच दैन्य चालू आहे, असे म्हणून तो मोकळा होतो. इंग्रज गृहस्थ तोवर घड्याळाकडे पाहू लागलेला असतो. मग दोघेही घरी जाऊन एकमेकांविषयी मत बनवतात. एक म्हणतो, किती हा रडका मनुष्य! दुसरा म्हणतो, ऐकावयाचे नव्हते तर विचारले कशाला?

हे ‘विचारले कशाला?’ वाटते तितके भाबडे नाही. ज्याचे बरे नाही त्याने ‘बरे आहे’ म्हणणे, आणि ज्याला जाणून घ्यावयाचे नाही त्याने कुशल विचारणे, हे आठव्या आज्ञेच्या विरुद्ध आहे काय? सौजन्य हा असत्याचाच एक सुसंस्कृत प्रकार आहे काय? धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या चुणचुणीत मुलाने हा प्रश्न विचारला, तर त्याला ‘गप्प बैस’ म्हणून भागणार नाही.

पोलिश लोक आणि इंग्रजी बोलणारे लोक यांची उदाहरणे आम्ही घेत आहोत, याला कारण आहे. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात सामील झाला आणि ब्रिटनने पोलिश कामगारांना प्रथमपासूनच दार उघडले. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील सुमारे ५,४६,००० लोकांनी पोलिश ही आपली मुख्य भाषा असल्याचे नोंदविले. २०२१ मध्ये हा आकडा ६,१२,००० च्या आसपास होता. इंग्रजी व वेल्श सोडल्यास तेथे त्याहून मोठी भाषा नाही. हे लोक बहुतांशी कॅथलिक. आपल्याही घरांतील जी मुलेमुली नोकरीनिमित्त लंडनला राहतात, ती रविवारच्या मिस्सेला पुष्कळदा यांच्याच शेजारच्या बाकावर बसतात. शिवाय महाराष्ट्राला ही मंडळी अगदीच परकी नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली ती कुटुंबे. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. वसाहत उठली तेव्हा त्यांतील पुष्कळ जण इंग्लंडला गेले, कारण त्यांचे पती, वडील व भाऊ ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यात होते.

आता घरातले साधे उदाहरण पाहू. जेवणाच्या टेबलावर मीठ हवे आहे. इंग्रज म्हणतो, ‘आपण मीठ इकडे देऊ शकाल काय?’ पोलिश म्हणतो, ‘मीठ दे’, किंवा फार तर ‘प्रोशे, मीठ द्या’. ‘प्रोशे’ म्हणजे ‘विनंती करतो’. हाच शब्द दारावर टकटक झाली की ‘या’ या अर्थाने, काही हातात देताना ‘घ्या’ या अर्थाने आणि आभारांना उत्तर म्हणूनही चालतो. इंग्रजाला वाटते, हा हुकूम सोडतो आहे. पोलिश माणसाला वाटते, मीठ उचलण्याची माझ्या हातात शक्ती आहे की नाही, याची हा चौकशी का करतो आहे? आन्ना व्येझ्बित्स्का या वॉर्सा येथे १९३८ मध्ये जन्मलेल्या आणि १९७२ पासून ऑस्ट्रेलियात राहिलेल्या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी १९८५ च्या एका निबंधात या विषयाची चिकित्सा केली आहे. इंग्रजीत उघडी आज्ञा टाळून ती प्रश्नाच्या वेषात पाठवितात. पोलिशमध्ये आज्ञार्थ हा मुळीच उद्धट नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ‘तू खिडकी का लावीत नाहीस?’ हे इंग्रजीत सौम्य सूचना म्हणून खपते. पोलिशमध्ये तो ठपका होतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण मराठीतही तो ठपकाच आहे. आपल्या घरात तरी आईला ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ कोण म्हणतो? म्हटले तर आई विचारील, आज काय बिनसले आहे?

म्हणून पोलिश माणूस रांगडा, असे कोणी ठरवू लागेल तर त्याने त्याचे संबोधन ऐकावे. अनोळखी पुरुषाला ‘पान’, स्त्रीला ‘पानी’, आणि क्रियापद तृतीय पुरुषी. आपल्याकडे पूर्वी ‘बाईसाहेब जेवणार का?’ असे बाईसाहेबांनाच विचारीत, तसे. ‘पान’ हा शब्द प्रभू या अर्थाने परमेश्वरालाही लावतात. गंमत अशी, की प्रार्थनेत परमेश्वराला ‘तू’ म्हणतात आणि पोस्टातल्या कारकुनाला म्हणत नाहीत. ‘पान’वरून ‘तू’वर यावयाचे तर वडील माणसाने तसे सुचवावे लागते. क्वचित हातात हात गुंफून पेला रिकामा करण्याचा विधी होतो. त्याला ‘ब्रुदेरशाफ्त’ म्हणतात. इंग्रजीत ‘यू’ एकच. तेथे वीस वर्षांचा लिपिक साठ वर्षांच्या बाईंना पहिल्याच भेटीत नुसत्या नावाने हाक मारतो आणि त्याला तो स्नेह वाटतो. बाईंना मात्र भर बाजारात डोक्यावरचा पदर कोणी ओढावा तसे वाटते. म्हणजे क्रियापदाच्या बाबतीत इंग्रज नम्र आणि नावाच्या बाबतीत सलगीचा. पोलिश माणसाचे नेमके उलट. मीठ दोन्ही घरांत आहे, बरणी ठेवण्याची जागा निराळी आहे. पोलिश भाषेतील गोडवा तर शब्दाच्या शेपटीत असतो. चहाला ‘हेर्बाता’ म्हणतात, पण पाहुण्यापुढे ठेवताना तिची ‘हेर्बात्का’ होते. कातार्झिनाची काशा होते, काशाची काशेन्का. इंग्रजी भाषांतरात ही माया साफ पुसली जाते आणि उरतो तो कोरडा आज्ञार्थ.

पाहुणचाराविषयी फार लिहावयास नको. ‘गोश्च व दोम, बूग व दोम’, म्हणजे पाहुणा घरात आला की देव घरात आला, अशी पोलिश म्हण आहे. नाताळच्या पूर्वसंध्येला पोलिश घरात जेवणाच्या मेजावर एक पान जास्तीचे मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. जेवण्यापूर्वी ‘ओप्वातेक’ नावाची पातळ पोळी प्रत्येक जण प्रत्येकाशी मोडून खातो आणि डोळ्यांत पाहून, त्या माणसाला साजेल अशी शुभेच्छा देतो. छापील कार्डावर सही करून हे भागत नाही. आग्रहाच्या बाबतीतही हे लोक आपल्यासारखेच: पाहुण्याने ‘पुरे’ म्हणावयाचे, यजमानाने वाढावयाचे. इंग्रज यजमानीण एकदाच विचारते. ‘नको’ म्हटले की भांडे झाकून ठेवते. तुमचा शब्द खरा मानणे हाच तिच्या मते तुमचा सन्मान. बिचारा पोलिश पाहुणा अर्धपोटी घरी जातो. येथे खोटे कोण बोलले? भूक असून ‘नको’ म्हणणाऱ्याचा शब्द असत्य होता, आणि त्यावर विश्वास ठेवणारी इंग्रज बाई त्याला कंजूष वाटली! तेव्हा सत्यवचनाचा मक्ता एकाच समाजाकडे आहे, असे समजण्याचे कारण नाही.

सेमिनरीत आम्ही शिकलो त्याप्रमाणे खोटे म्हणजे केवळ वस्तुस्थितीशी न जुळणारा शब्द नव्हे. संत ऑगस्टीनने या विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. असत्य बोलणाऱ्याच्या मनात एक असते, ओठांवर दुसरे असते आणि फसविण्याची इच्छा असते, असे त्याचे म्हणणे. संकेत दोघांनाही ठाऊक असेल तर फसवणूक कोणाची होते? पत्राच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ लिहिणाऱ्याला कोणी आज्ञा करीत नाही. संत थॉमस अक्वायनस आणखी पुढे जातो, आणि आमच्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. ‘सुम्मा थिओलोगिआए’च्या दुसऱ्या भागात त्याने सौजन्याला स्वतंत्र सद्गुण मानले असून न्यायाच्या परिवारात त्याला जागा दिली आहे. समाजात माणूस सत्यावाचून जसा जगू शकत नाही, तसाच आनंदावाचूनही जगू शकत नाही. म्हणून इतरांशी सुखद वागणे हे एक प्रकारचे देणे आहे, असा त्याचा युक्तिवाद. परक्याशी स्नेहाने वागणे हे ढोंग नव्हे काय, हा आक्षेपही तो स्वतःच उपस्थित करतो. त्याचे उत्तर असे, की प्रत्येक माणूस स्वभावतःच प्रत्येक माणसाचा सामान्य अर्थाने मित्र आहे. परक्याला आपण त्या सामान्य मैत्रीची खूण दाखवितो, जिवलगाची नव्हे. या सद्गुणाच्या एका बाजूला खुशामत हा दोष तो ठेवतो, आणि दुसऱ्या बाजूला खोडसाळ विरोध, म्हणजे ‘मी आपला तोंडावर बोलतो’ असे म्हणत माणसे दुखवीत सुटणे.

सामान्य मैत्री आणि जिवलग मैत्री हा भेद पोलिश भाषेने शब्दांतच करून ठेवला आहे. ‘झ्नायोमी’ म्हणजे ओळखीचा, ‘कोलेगा’ म्हणजे शाळेतला वा कामावरचा सोबती, आणि ‘प्शियाचेल’ म्हणजे ज्याच्यासाठी मध्यरात्री उठून जावे असा. ‘प्शियाचेल’ आयुष्यात दोन-तीन मिळाले तरी पुष्कळ. इंग्रजीत या तिघांनाही ‘फ्रेंड’ म्हणून चालते. अगदी कालपरवा ओळख झालेला इंग्रज किंवा अमेरिकन सहकारी चारचौघांत ‘हा माझा फ्रेंड’ अशी ओळख करून देतो आणि वर म्हणतो, ‘एकदा आमच्याकडे आलेच पाहिजे!’ परदेशात एकटा राहणारा पोलिश तरुण ते मनावर घेतो. कोणत्या रविवारी, किती वाजता, हे कळण्याची तो वाट पाहतो. रविवार येतात आणि जातात.

अक्वायनसचा निकष लावला तर दोष येथे आहे, असे आम्हांस वाटते. इंग्रजाने इंग्रजाला हेच वाक्य म्हटले असते तर त्यात काही वावगे नव्हते. दोघांच्याही हिशेबी त्याची किंमत ‘तुम्हांला भेटून बरे वाटले’ एवढीच. पण समोरच्याला हा हिशेब येत नाही, हे कळत असताना, किंवा थोडा विचार केला तर कळण्यासारखे असताना, जो ते वाक्य सहज उच्चारतो, तो जिवलग मैत्रीची खूण दाखवून सामान्य मैत्री देतो. एकाच्या घरात जो शब्द निर्दोष, तोच दुसऱ्याच्या घरात असत्य होऊ शकतो. म्हणून परक्याशी बोलताना आपला शब्द आपल्या कानांनी ऐकून भागत नाही, त्याच्या कानांनी ऐकावा लागतो. आणि हा भार पाहुण्यापेक्षा यजमानावर अधिक आहे, कारण पाहुणा आधीच परक्या भाषेचे ओझे वाहत असतो.

पोलिश स्पष्टवक्तेपणाचेही तितकेच परखड परीक्षण व्हावयास हवे. ‘श्चेरोश्च’, म्हणजे मनात तेच ओठांवर, हा त्या समाजात मोठा गुण मानला जातो. त्याला इतिहासाचीही जोड आहे. १९८९ पर्यंत चाळीसहून अधिक वर्षे साम्यवादी राजवटीचे गोड आणि पोकळ शब्द त्या लोकांनी ऐकले. त्या सरकारी भाषेला त्यांनी ‘नोव्होमोव्हा’, म्हणजे ‘नवभाषा’, असे नाव दिले होते. वॉर्सा येथील फादर येझी पोपिएवुश्को आपल्या प्रवचनांतून सत्याने जगण्याचे आवाहन करीत, आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये सुरक्षा पोलिसांनी त्यांची हत्या केली. २०१० मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. अनोळखी माणसाच्या हसण्याकडे अशा देशात संशयाने पाहिले गेले तर नवल नाही. अर्थात पोलिश सडेतोडपणा साम्यवादाहून पुष्कळ जुना आहे. सगळाच दोष वा श्रेय राजवटीच्या पदरात घालणे बरोबर नव्हे. पण सत्तेच्या तोंडावर सत्य बोलणे वेगळे आणि शेजारणीला ‘तू फारच जाड झालीस’ असे सांगणे वेगळे. पहिल्यात बोलणारा स्वतः किंमत देतो, दुसऱ्यात ऐकणारा. घरभेटींच्या अनुभवावरून आम्ही एवढे म्हणू, की ज्या घरात ‘आमचे बोलणे एकदम स्पष्ट’ असे अभिमानाने सांगितले जाते, त्या घरातली सून सहसा गप्प असते.

प्रभू येशूने दोन पुत्रांचा दाखला दिला आहे. पित्याने द्राक्षमळ्यात जाण्यास सांगितले तेव्हा एकाने तोंडावर नकार दिला, पण मागाहून पस्तावून तो गेला. दुसरा आदराने ‘जातो’ म्हणाला आणि गेला नाही. मूळ ग्रीक शुभवर्तमानात या दुसऱ्याच्या तोंडी पित्यासाठी ‘प्रभो’ असे सन्मानाचे संबोधन आहे. पहिल्याच्या तोंडी नाही. दाखला पोलिश स्वभावाच्या बाजूचा आहे, असे कोणी म्हणेल. पण प्रभूने पहिल्या पुत्राच्या उद्धट उत्तराचे कौतुक केलेले नाही. तो मळ्यात गेला, याला महत्त्व दिले आहे. आदराने ‘जातो’ म्हणून जाणारा तिसरा पुत्र दाखल्यात नाही. तो असता तर पित्याला काय वाटले असते, हे सांगावयास नकोच.

एव्हा हॉफमन या लेखिकेने स्वतःच्या बाबतीत हे सारे नोंदून ठेवले आहे. क्राकोवच्या ज्यू कुटुंबातील ही मुलगी १९५९ मध्ये तेराव्या वर्षी आईवडिलांबरोबर कॅनडातील व्हँकुव्हरला गेली. १९८९ मध्ये तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. समोरच्याला सरळ ‘तुझे चुकले’ म्हणावयाचे नाही, दुसरी बाजूही पाहावी असे म्हणावयाचे, हे ती तेथे शिकली. हातवारे कमी केले, आवाज खाली आणला. एके दिवशी आई म्हणाली, तू इंग्रज होऊ लागली आहेस. मुलीच्या काळजाला ते लागले, कारण आईच्या बोलण्याचा अर्थ ‘तू थंड होऊ लागली आहेस’ असा होता. स्वतःपुरता तिने निर्वाळा दिला आहे, की माया आटली नव्हती, ती दाखविणे कमी झाले होते. पण आईला ते कसे कळावे? ज्यांची मुले परदेशांत आहेत अशा आईवडिलांनी हा प्रसंग विसरू नये. फोनवर नातू ‘थँक यू, ग्रॅनी’ म्हणतो तेव्हा त्याने तुम्हांला परके केलेले नसते.

हा प्रश्न ख्रिस्तसभेच्या अंगणातही आला. इंग्लंड-वेल्समधील पोलिश कॅथलिक मिशन १८९४ पासूनचे. त्याच्या चर्चमध्ये पोलिश मिस्सा होते. २००७ च्या अखेरीस वेस्टमिन्स्टरचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल कॉर्मक मर्फी-ओकॉनर यांनी असे मत मांडले, की पोलिश बांधवांनी इंग्रजी शिकून स्थानिक धर्मग्रामांत मिसळावे, त्यांची वेगळी ख्रिस्तसभा होऊ नये. पुष्कळ पोलिश भाविक दुखावले गेले. कार्डिनलसाहेबांची चिंता रास्त होती. परंतु पापनिवेदन माणूस ज्या भाषेत करतो, ती केवळ शिकलेली भाषा असून चालत नाही. ‘फाइन, थँक यू’ ज्या भाषेत म्हणावयास शिकलो, त्या भाषेत ‘माझे बरे नाही’ म्हणण्यास पुष्कळ वर्षे लागतात.

या सगळ्याचा भार अखेर लहान मुलांवर पडतो, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. परदेशात भाषा प्रथम येते ती मुलांना. आई डॉक्टरकडे जाते तेव्हा दहा-बारा वर्षांचा मुलगा दुभाषी म्हणून बरोबर असतो. आई म्हणते, ‘त्याला सांग, मला चांगले औषध दे, मागच्याने काही झाले नाही.’ मुलगा इंग्रजीत म्हणतो, ‘आईला विचारावयाचे आहे, की दुसरे एखादे औषध देता येईल काय?’ तो खोटे बोलला काय? मुळीच नाही, आईच्या मनातली विनंती त्याने डॉक्टरांच्या कानाला ऐकू येईल अशी केली. आता डॉक्टर अहवाल पाहून इंग्रजी रीतीने सावकाश म्हणतात, ‘आय ॲम अ लिट्ल कन्सर्न्ड.’ मला थोडीशी काळजी वाटते. त्या देशात राहिलेल्या मुलाला ठाऊक आहे, की डॉक्टरांच्या तोंडची ‘थोडीशी’ थोडी नसते. आई त्याच्या तोंडाकडे पाहते आहे. शब्दाला शब्द ठेवला तर ती निश्चिंत होऊन बाजारात जाईल आणि पुढची तपासणी लांबणीवर टाकील; अर्थ सांगावयाचा तर तो या मुलाने, या खोलीत, आपल्या आईला सांगावयाचा आहे.